बारा दुमडींचा झेंडा

१९५७ च्या ईस्ट कोस्ट कपचा, गोल्फ मैदानाच्या शेवटच्या होलवरचा झेंडा आमच्या पिटकारी गावातून आजवर सात वेळा विकला गेला आहे. झेंडा एकच होता. सातांपैकी तीन माझ्याकडे तपासणीला आले. पहिला नायलॉनचा निघाला. दुसऱ्यावर दुकानाची चिठ्ठी खरवडल्याची खूण होती. तिसरा घेऊन आलेल्या बाईंनी तर मला सरळच विचारलं, "अजून थोडे दिवस उन्हात ठेवायला हवा होता का हो?"

मी एकतीस वर्षं डंडीच्या एका कापड गिरणीत रंगांची तपासणी केली. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा जवळच्या लिलावघराला गोल्फच्या जुन्या वस्तू पारखणारं कोणीतरी हवं होतं. गोल्फ मला खेळता येत नाही, पण कापड कळतं, आणि सध्या या बाजारात कापडालाच भाव आहे. जुन्या काठ्या आणि चेंडू गावोगाव पडलेले असतात. मैदानावर खरोखर फडकलेला झेंडा मात्र क्वचित सापडतो. विजेत्याची सही मधोमध असेल तर एक किंमत, कोपऱ्यात असेल तर दुसरी, आणि सही नसूनही झेंडा त्या दिवसाचा, त्या होलचा आहे हे सिद्ध झालं तर तिसरीच.

सत्तावनच्या झेंड्याला मागणी असण्याचं कारण एक अमेरिकन आहे. रे टॉलिव्हर पुढे फार मोठा खेळाडू झाला, पण त्या सप्टेंबरात पिटकारीच्या अठराव्या होलवर तो एका फटक्याने हरला. हरवणारा अ‍ॅलिक डाउई. अ‍ॅलिक पुढे काहीच झाला नाही. तो घरांच्या छपरांवर स्लेटच्या फरशा बसवायचा. शनिवारी कप जिंकला आणि सोमवारी सकाळी परत छपरावर चढला.

तो क्लबचा कारागीर सभासद होता. सुतार, कोळी, स्लेटवाले अशा लोकांनी मैदानाची डागडुजी फुकट करायची आणि बदल्यात सकाळी नऊच्या आत खेळून निघून जायचं, अशी तेव्हाची रीत होती. क्लबघरात त्यांनी यायचं नाही. अ‍ॅलिकला कप खिडकीतून दिला असं गावात सांगतात. ते चूक आहे. मागच्या दारातून दिला. त्याची मुलगी नेट्टा तेव्हा आठ वर्षांची होती आणि बापाचा हात धरून तिथे उभी होती.

नेट्टा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आयुष्यात तिने फारसं काही मागितलं नाही, पण क्लबघराच्या दिवाणखान्यात आपल्या बापाचं नाव दिसावं, एवढी एक गोष्ट तिला हवी होती. तिथे काचपेट्यांमध्ये माजी कप्तानांच्या मिशांचे फोटो आहेत, एका उमरावाचा छत्रीचा दांडा आहे, अ‍ॅलिक डाउई कुठेच नाही. तिने समितीला तीन पत्रं लिहिली होती. आता २०१७ साल आलं, त्या विजयाला साठ वर्षं होत होती, सप्टेंबरअखेर टॉलिव्हरच्या चाहत्यांचं मंडळ अमेरिकेहून यायचं होतं आणि त्यांच्यासाठी नवी काचपेटी बनली होती. नेट्टा म्हणायची, "आता नाही तर मग मी मेल्यावर. आणि तेव्हा मला दिसणार नाही."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्लबचे सचिव फर्गस बाल्नेव्ह यांनी मला बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघतात. नव्या काचपेटीत एक पिवळा झेंडा ताणून बसवला होता. त्यावर काळ्या रंगात १८ आणि खाली कार्ड: 'ऐतिहासिक झेंडा, १९५७. फर्गस बाल्नेव्ह यांच्या संग्रहातून.'

"कसा आहे?" त्यांनी माझ्या बुटांना विचारलं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"चार हजार दोनशे पौंड मोजलेत. विमावाल्यांना तुमची सही हवी, एवढंच काम आहे, पेट्रीबाई. चहा येईपर्यंत होईल."

चहा यायच्या आतच झालं. झेंडा बाहेर काढायला लावला, मोकळी कड बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, "याची दुमड कुठे आहे?"

"कसली दुमड?"

बाल्नेव्ह मूळचे पर्थचे, त्यांना माहीत नसणं स्वाभाविक आहे. आमच्या समुद्रावरचा वारा झेंड्याच्या मोकळ्या कडेच्या एका हंगामात चिंध्या करतो. दुसरे क्लब नवा झेंडा आणतात. पिटकारीत हिवाळा आला की सगळे झेंडे मैदान राखणाऱ्या वुल गाउच्या घरी जायचे आणि त्याची बायको बेला ते दुरुस्त करायची. बेला विरलेली कड कापत नसे, कारण कापलेलं कापड वाया जातं. ती कड आत दुमडायची आणि हाताला लागेल त्या दोऱ्याने शिवून टाकायची. पुढच्या हिवाळ्यात त्या दुमडीवर आणखी एक दुमड. झेंडा दरवर्षी थोडा आखूड व्हायचा आणि त्याची कड थोडी जाड.

"हा स्पर्धेसाठी नवा आणलेला असेल," बाल्नेव्ह म्हणाले.

"तुमच्या पाठीमागच्या कपाटात समितीच्या बैठकांच्या वह्या आहेत. बघू या का?"

नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी कपाट उघडलं. एप्रिल १९५२: अठरा झेंडे घेतले. १९५३: नवीन झेंड्यांचा विषय पुढे ढकलला. १९५४: पुढे ढकलला. १९५७ च्या पानावर अक्षर जरा मोठं होतं: 'मोठी स्पर्धा असल्याने नवीन झेंडे घ्यावेत अशी सूचना आली. आहेत ते अजून दिसतात, असं ठरलं.' मग १९६४: 'अठराव्याचा झेंडा दिवाणखान्यातून दिसत नाही अशी तक्रार. क्लबसाठी दुर्बीण घ्यावी का, यावर चर्चा. दुर्बीण महाग असल्याने झेंडे घेतले.'

"म्हणजे त्या दिवशी काठीवर होता तो सहाव्या हंगामातला झेंडा," मी म्हटलं. "त्याला पाच दुमडी असणार. आणि सोमवारी तोच परत काठीवर चढला असणार, पुढची सहा वर्षं."

"विजयाचा झेंडा? असा कोण परत लावेल?"

"चांगलं कापड होतं, साहेब."

विमावाल्यांच्या कागदावर मी लिहिलं: नवीन झेंडा, न वापरलेला, स्थिती उत्तम. किंमत बारा पौंड.

बाल्नेव्ह यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बारा?"

"कापड टिकाऊ आहे, म्हणून बारा. नाहीतर दहा."

"मी एडिंबराहून दुसरा माणूस बोलावीन."

"जरूर बोलवा. वह्या त्यांनाही दाखवा."

तिथून मी थेट नेट्टाकडे गेले. कुंपणांवरची काळी ब्रॅम्बलं पिकली होती, त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पातेल्यात जेलीसाठी फळं रटरटत होती आणि नेट्टा हातात पळी घेऊन उभी होती. बारा पौंडांची गोष्ट ऐकून ती एवढी हसली की पळी ओट्यावर ठेवावी लागली. मग तिने ती परत उचलली.

"पण त्यात माझं काय झालं, एफी? आता ती पेटी रिकामी राहील. नाहीतर तिथे आणखी एका मिशीचा फोटो लावतील."

"खरा झेंडा असता तर गोष्ट वेगळी होती. पण त्या चिंधीचं काय झालं असणार, तूच सांग. बेलाने बूट पुसून पुसून तो संपवला असेल."

"बेला झेंड्याने बूट पुसणाऱ्यातली नव्हती," नेट्टा म्हणाली. "तिने तो आईला दिला."

मी हातातला कप खाली ठेवला. "कधी?"

"चौसष्टात. म्हणाली, घे गं, तुझ्या नवऱ्याचा झेंडा. आता कडेत सुई शिरत नाही, माझी तीन बोटं फोडली त्याने."

"मग आईने काय केलं त्याचं?"

नेट्टाने पळीनेच खिडकीकडे दाखवलं. खिडकीखाली पाय ठेवायचं छोटं स्टूल उलटं करून ठेवलं होतं. त्याच्या चार पायांना एक जांभळं फडकं बांधलेलं होतं आणि त्यातून रस खालच्या वाडग्यात टप टप पडत होता. फडक्याच्या एका बाजूला जाड पट्टी आणि दोन पितळी कड्या होत्या. समोरची बाजू माझ्या बोटाएवढी जाड होती.

"नेट्टा, तू त्यातून जेली गाळतेस?"

"आधी आई गाळायची, आता मी. जुनी लोकर आहे, विरळ वीण, एक थेंब गढूळ येत नाही. हात लावू नकोस. दाबलं की सगळी जेली गढुळते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? सहा वर्षं याच टेबलाशी बसून मला ऐकवतेयस, खरा झेंडा उरलेला असणं शक्य नाही म्हणून. शिकलेली बाई आहेस, म्हटलं हिला माहीत असेल." तिने पातेलं ढवळलं. "आणि समितीला सांगितलं होतं मी. दुसऱ्या पत्रात. त्यांनी फोटो मागवला, मी पाठवला."

"मग?"

"उत्तर आलं की क्लबात स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा विभाग नाही."

जेली पूर्ण गळून होईपर्यंत तिने मला त्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडकं धुऊन, वाळवून, इस्त्री करून टेबलावर आलं. मी भिंग, चिमटा आणि शिवण उसवायची बारीक सुरी घेऊन बसले. मूळ आकडा इंग्रजी 18 होता, पण दुमडींनी आठाचा उजवा अर्धा गिळला होता. झेंडा उलटा धरला तर 31 वाचता येत होता, अठरा होलच्या मैदानावर.

"उसव, पण जसंच्या तसं परत शिवून दे," नेट्टा म्हणाली. "मी त्या जाड कडेला धरूनच उचलते."

बाहेरची दुमड म्हणजे शेवटचा हिवाळा, त्रेसष्टचा. मी तिथून मागे मागे जात होते. एकदा काळा दोरा, एकदा खाकी, एका हिवाळ्यात चक्क जाळं विणायची सुतळी. प्रत्येक दुमडीच्या आतला पिवळा रंग आधीच्यापेक्षा वेगळा होता, कारण प्रत्येक पट्टी वेगवेगळी वर्षं उन्हात राहिली होती. गिरणीत असे नमुने मिळावेत म्हणून आम्ही कापड वर्षानुवर्षं गच्चीवर टांगून ठेवायचो. इथे ते बेलाने फुकटात करून ठेवलं होतं. चौथ्या दुमडीनंतर आठ पूर्ण झाला. सातवी, म्हणजे सत्तावनच्या हिवाळ्यातली, बाकीच्यांपेक्षा दोन बोटं रुंद होती. ती का रुंद, हे उघडल्यावर कळलं. आत तीन काळे ठसे होते, शेजारी शेजारी, बोटांचे.

मी कापसाला टर्पेंटाइन लावून एका ठशाच्या टोकाला टेकवलं. कापूस तपकिरी झाला.

"डांबर आहे," मी म्हटलं.

नेट्टा ठशांवर वाकली. मग म्हणाली, "त्या सकाळी बाबा चर्चच्या छपरावर होते. पाद्री सोडेना. तिथून पळत पळत पहिल्या होलवर गेले. आई म्हणाली होती, निदान हात तरी धू."

"थांब. डांबर कोणाचंही असू शकतं."

"एफी."

"मला खात्री करू दे. सकाळी नऊच्या आत खेळणाऱ्या कारागिराचे हात स्वच्छ असतात, कारण कामाला तो त्यानंतर जातो. काम सुरू झाल्यावर त्याला मैदानात यायची परवानगी नाही. क्लबातल्या साहेबांच्या हाताला डांबर लागत नाही. वुल गाउ गवतातला माणूस. त्या हंगामात डांबराच्या हातांनी भर दुपारी अठराव्याचा झेंडा धरू शकेल असा माणूस एकच, आणि दिवसही एकच."

"हे तू मला सांगतेयस?" नेट्टा म्हणाली. "मी तिथे होते."

लिलावात याची बोली नऊ हजारांपासून सुरू होईल, असं मी तिला सांगितलं. तिने झेंड्याकडे पाहिलं, मग ओट्यावर उरलेल्या दोन टोपल्या ब्रॅम्बलांकडे. "मग ही मी कशातून गाळू?"

गुरुवारी बाल्नेव्ह आले. त्यांनी पुढचं दार वाजवलं. नेट्टाने खिडकीतून ओरडून सांगितलं, "मागून या, ते दार फुगलंय." दार फुगलेलं नव्हतं. ते घराला वळसा घालून, कोंबड्यांच्या जाळीवरून पाय उचलत मागच्या दारात आले. मी टेबलाशी बसून दुमडी परत शिवत होते. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. अमेरिकेतल्या मंडळाच्या अध्यक्षा, कुणी मिसेस हॅस्केट, यांनी विचारलं होतं की काचपेटीत तोच जाड कडेचा झेंडा आहे ना. टॉलिव्हर म्हातारपणापर्यंत सांगायचा की शेवटचा फटका मारताना अ‍ॅलिकने होलमधून काढून बाजूला नेलेला तो झेंडा ओल्या टॉवेलसारखा सपकन वाजला आणि त्याचा हात हलला.

"मी माझा हलवून पाहिला," बाल्नेव्ह म्हणाले. "आवाज येत नाही."

"एडिंबराचा माणूस काय म्हणाला?" मी विचारलं.

"अकरा पौंड."

नेट्टाने माझ्या हातातून झेंडा घेतला, दोन कड्यांना धरला आणि हवेत एकदा झटकला. कोंबड्या पांगल्या. बाल्नेव्ह खुर्चीत बसले.

"किती घेणार, मिस डाउई?"

"विकायचा नाही."

"मग क्लबला भेट?"

"ते तर मुळीच नाही. उसना देईन. कार्डावर मी सांगेन ते लिहायचं. अ‍ॅलिक डाउई, स्लेटवाला, कारागीर सभासद. आणि बेला गाउचं नाव."

"नाव ठीक आहे. पण 'स्लेटवाला' लिहिणं आवश्यक आहे का? म्हणजे, पाहुण्यांच्या दृष्टीने."

"आवश्यक नाही. झेंडाही आवश्यक नाही."

"लिहू," बाल्नेव्ह म्हणाले.

"आणि दर सप्टेंबरात तीन आठवडे तो माझ्याकडे."

"कशासाठी?"

नेट्टाने पावाच्या तुकड्याला जेली लावून तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खाल्ला. दुसरा मागायला संकोच वाटला असावा, पण तिने तोही ठेवला.

"विमावाले मान्य करणार नाहीत," ते तोंड पुसत म्हणाले.

"मी लिहून देते," मी म्हटलं. "वापरात असताना या वस्तूची किंमत कमी होत नाही. त्रेपन्न वर्षांचा पुरावा आहे."

तीस तारखेला अमेरिकन मंडळी आली. वीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. मिसेस हॅस्केट काचपेटीपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. अ‍ॅलिक डाउईचं नाव आलं, स्लेटवाला आला, बेला गाउच्या बारा दुमडी आल्या. नेट्टा शेजारी उभी होती, रविवारचा कोट घालून. त्यांचं वाचून झाल्यावर तिने शांतपणे म्हटलं, "पुन्हा एकदा वाचाल का?" त्यांनी वाचलं. तिसऱ्यांदा नेट्टाने सांगायच्या आधीच वाचलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि हा जांभळा रंग? तेव्हाचा आहे का?"

"नाही, तो परवाचा," नेट्टा म्हणाली.

आता राहिला बाल्नेव्ह यांचा झेंडा. तो त्यांनी कपाटात ठेवून दिला होता आणि विषय संपला असं त्यांना वाटत होतं. पण पुढच्या वसंतात अठराव्यासाठी झेंडा घ्यायची वेळ आली, तेव्हा समितीतल्या कोणीतरी माझ्या कागदाची आठवण काढली: न वापरलेला, स्थिती उत्तम, बारा पौंड. वहीत नोंद आहे. 'क्लबाच्या कपाटात चांगला झेंडा पडून असल्याने तो वापरात घ्यावा. सचिवांचा विरोध. पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर.' आपण त्याला चार हजार दोनशे मोजलेत हे पुन्हा मोठ्याने सांगण्यापेक्षा बाल्नेव्ह यांना गप्प बसणं बरं वाटलं.

तेव्हापासून तो तिथे फडकतो. वादळी दिवशी बाल्नेव्ह दिवाणखान्याच्या खिडकीत उभे असतात आणि प्रत्येक झोताबरोबर त्यांचा खांदा किंचित उडतो. हिवाळ्यात ते स्वतः तो उतरवून नेट्टाकडे आणतात, मागच्या दाराने. ती हाताला लागेल त्या दोऱ्याने कड दुमडून देते आणि ते तेवढा वेळ पाव आणि जेली खात बसतात. एका वर्षी तिच्याकडे फक्त गुलाबी दोरा होता. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त टाके जरा जवळ घालायला सांगितलं.

क्लबाच्या सगळ्या सामानाची किंमत मी दर दोन वर्षांनी नव्याने लिहून देते. यंदा अठराव्याचा झेंडा मोजला तेव्हा त्याला पाच दुमडी होत्या, रंग उतरला होता आणि झटकला तर थोडासा आवाजही आला. मी चौदा पौंड लिहिले.

बाल्नेव्ह यांनी माझ्या खांद्यावरून वाकून तो आकडा वाचला. "चढतोय," ते म्हणाले.

"चढणारच," मी म्हटलं. "अजून सात हिवाळे थांबा."